खिडकीतला भुंगेरा आणि कपाटामागची अळी

श्रोतेहो, नमस्कार.

खिडकीच्या कडेला कधीकधी बारीक, गोलसर भुंगेरे मरून पडलेले दिसतात. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचे, पाठीवर काळे-पांढरे-पिवळे ठिपके. आपण ते झाडून टाकतो. हा गालिच्याचा भुंगेरा. नाव असं असलं, तरी तो स्वतः गालिच्याला तोंडही लावत नाही. मोठा झालेला भुंगेरा फुलांतले पराग आणि मध खातो, जगतो काही आठवडेच, आणि काचेशी येतो तो उजेडाच्या ओढीनं. त्यामुळे खिडकीत औषध फवारून घरातलं नुकसान थांबेल, असं समजू नका.

खादाड आहे ती त्याची अळी, आणि तिचा स्वभाव अगदी उलटा. उजेड दिसला की ती पळते. कपाटामागे, सोफ्याच्या शिवणीत, गालिच्याच्या खालच्या बाजूला, जिथं महिनोन्‌महिने कुणाचा हात जात नाही तिथं ती चरत असते. भिंगाखाली धरून बघा: चार-पाच मिलिमीटरची, तपकिरी पट्ट्यांची, अंगभर केस, आणि मागच्या टोकाशी केसांचे झुबके. डिवचलं की ती हे झुबके पंख्यासारखे फुलवते. हे केस गळून धुळीत मिसळतात आणि काहींच्या अंगाला त्यांनी खाज सुटते. मग माणूस ढेकूण शोधत गाद्या उलथ्यापालथ्या करतो.

आता ती खाते काय? लोकर, केस, पिसं, फर. या सगळ्यांत केराटिन नावाचं प्रथिन असतं, आपल्या नखांत असतं तेच. त्यातले गंधकाचे बंध इतके चिवट असतात की बहुतेक प्राण्यांना ते पचत नाही. या अळीच्या आतड्यात मात्र ते बंध तोडण्याची सोय आहे. रेशमातलं प्रथिन निराळं, पण तेही तिला चालतं. सुती कापड किंवा नायलॉन यांतून तिला पोषण मिळत नाही. तरीही अशा कपड्याला भोक पडलं, तर बहुधा तिथं घाम किंवा सांडलेलं अन्न असतं. डाग खाता खाता कापडही जातं. म्हणूनच एकदा अंगावर घातलेली शाल न धुता ठेवून देणं महागात पडतं.

पण माझ्या मते शालीपेक्षा महत्त्वाचं खाद्य दुसरंच आहे. दिव्याच्या शेडमध्ये साठलेल्या मेलेल्या माश्या, कोळ्याच्या जाळ्यातली टरफलं, कुत्र्या-मांजराचे केस, पाल किंवा उंदीर मेला असेल तर त्याची वाळलेली कातडी. घराबाहेर ही अळी पक्ष्यांच्या घरट्यांत याच गोष्टींवर वाढते. छपराखाली पक्ष्यांचं जुनं घरटं असेल, तर घरातला उपद्रव तिथूनही सुरू झालेला असू शकतो. कीटकसंग्रहालयांना तर हिची धास्तीच असते: टाचणीला टोचून ठेवलेल्या नमुन्यांचा ती भुगा करते. या गटातल्या एका जातीला सजीवांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञानं 18व्या शतकात ‘म्युझिओरम’, म्हणजे ‘संग्रहालयांचा’, असं नाव दिलं, ते उगाच नव्हे. याच कुळातल्या दुसऱ्या भुंगेऱ्यांना प्राण्यांचे सांगाडे स्वच्छ करायला मुद्दाम पाळतात. आणि साठवलेल्या धान्यातला खपरा भुंगेरा? तोही याच कुळातला.

कपड्यांना कसर लागली की आपण पतंगाच्या अळीला दोष देतो. फरक ओळखता येतो. पतंगाची अळी रेशमी धाग्यांची जाळी किंवा नळ्या मागे सोडते. भुंगेऱ्याची अळी कात टाकून जाते. केसाळ, पोकळ, तपकिरी काती. वाढताना ती पुष्कळदा कात टाकते आणि मोठी व्हायला तिला वर्षही लागतं, कधी त्याहून जास्त. तेव्हा काती दिसल्या म्हणजे अळ्या तेवढ्याच आहेत असं नाही.

डांबरगोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. हवाबंद पेटीत वाफ कोंडली तरच त्या काम करतात, आणि तीच वाफ माणसालाही अपायकारक, तान्ह्या बाळांना तर फारच. त्यापेक्षा व्हॅक्यूम क्लीनर गालिच्याच्या मधोमध फिरवता तितकाच कडेनं, भिंतीच्या फटींत आणि जड सामानाखाली फिरवा. पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. धुता न येणारा लोकरी कपडा पिशवीत घट्ट बांधून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवला, की त्यातल्या अळ्या आणि अंडी मरतात. आणि दिव्याची शेड उतरवून आतल्या माश्या काढायला विसरू नका.

नमस्कार.