शास्त्र आपली हद्द कशी आखतं

श्रोतेहो, नमस्कार.

व्याख्या तपासण्याची एक जुनी रीत न्यायशास्त्रात शिकवली जाते, आणि तिच्यासाठी उदाहरण घेतलं जातं गायीचं. 'तांबूस रंगाची ती गाय' असं म्हटलं तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात. हा अव्याप्तीचा दोष. 'शिंगं असलेली ती गाय' म्हटलं तर म्हैसही आत शिरते. ही अतिव्याप्ती. आणि 'अखंड खुराची ती गाय' म्हटलं तर एकही गाय हाती लागत नाही, कारण गायीचा खूर दुभंगलेलाच असतो. हा असंभव. गळ्याखालची लोंबती कातडी हे लक्षण मात्र तिन्ही कसोट्यांना उतरतं.

एखादं शास्त्र 'आमचा अभ्यासविषय हा' असं सांगतं, तेव्हा त्या विधानालाही या कसोट्या लावून पाहाव्यात. फक्त एक अडचण ध्यानात घ्यावी लागते. गाय कोणती हे व्याख्या करण्याआधीच सगळ्यांना ठाऊक असतं. शास्त्राच्या बाबतीत, आत काय आणि बाहेर काय, यावरच वाद असतो. तिथे व्याख्या करणारा हद्द शोधत नाही, तो ती आखतो.

आता मी दोन शब्द उच्चारतो, ते ऐका. पळ. फळ. दोन्ही उच्चारांत ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. फरक आहे तो ओठ उघडल्यावर बाहेर पडणाऱ्या हवेच्या झोताचा. भौतिकशास्त्राचा अभ्यासक हा झोत मोजतो. त्याच्या लेखी ती कमीजास्त होणारी राशी आहे. शरीरशास्त्राचा अभ्यासक स्वरतंतू किती वेळ उघडे राहिले ते पाहतो. भाषावैज्ञानिकाचा प्रश्न या दोघांहून वेगळा असतो: या फरकानं अर्थ बदलतो का? मराठीत बदलतो, म्हणून प आणि फ हे मराठीचे दोन स्वतंत्र स्वनिम, म्हणजे अर्थभेद करणारे ध्वनिघटक, आहेत. इंग्रजीत 'पिन'मधला प बराचसा आपल्या महाप्राण उच्चाराजवळ जातो आणि 'स्पिन'मधला अल्पप्राण राहतो, पण तिथे या फरकावर शब्दांचा अर्थ अवलंबून नसतो. त्यामुळे इंग्रजीपुरता तो एकच स्वनिम. यंत्रावर दिसणारा हवेचा झोत दोन्ही भाषांत सारखाच असला, तरी भाषाविज्ञानातली वस्तू दोन्हीकडे वेगळी ठरते.

स्विस भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर यांनी नेमकं हेच मांडलं. त्यांची व्याख्यानं त्यांच्या मृत्यूनंतर, 1916 साली पुस्तकरूपात आली. इतर शास्त्रांना वस्तू आयती मिळते. भाषेच्या अभ्यासात मात्र दृष्टिकोन आधी येतो आणि तो वस्तू घडवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून त्यांनी प्रत्यक्ष बोलणं बाजूला ठेवलं आणि सर्व भाषकांच्या मनात समान असलेली व्यवस्था हाच भाषाविज्ञानाचा विषय ठरवला. यातून शिस्त आली, पण किंमतही मोजावी लागली. बोलीतले चढउतार, वय आणि वर्गानुसार बदलणारे उच्चार, संभाषणातली माघार आणि दुरुस्ती हे सगळं हद्दीबाहेर गेलं. पुढे समाजभाषाविज्ञानानं ते परत आत आणलं. माझ्या मते सोस्यूर यांची हद्द चूक नव्हती. काय वगळलं ते त्यांनी उघड सांगितलं होतं, म्हणूनच पुढच्यांना ते उचलता आलं.

अर्थशास्त्रात हद्द एकदा मोठीच सरकली. आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये माणसाच्या रोजच्या जीवनव्यवहाराचा, त्यातही भौतिक सुखसाधनं मिळवण्या-वापरण्याचा अभ्यास, अशी व्याख्या केली. यात गायकाचं मानधन नीट बसत नाही, कारण गाणं ही भौतिक वस्तू नाही. लायनेल रॉबिन्स यांनी 1932 मध्ये विषयाची जात सांगणं सोडून वागण्याची एक बाजू निवडली: उद्दिष्टं अनेक, साधनं अपुरी, आणि ती साधनं पर्यायी कामांना वापरता येणारी, अशा स्थितीत माणूस निवड कशी करतो? गायक आत आला. पण परीक्षेआधी कोणत्या विषयाला किती तास द्यायचे, हे ठरवणारा विद्यार्थीही आत आला. अतिव्याप्तीची तक्रार तिथूनच सुरू झाली. अव्याप्तीचीही झाली: महामंदीच्या त्या काळात कामगार आणि यंत्रं रिकामी पडून होती, आणि अपुरेपणावर बांधलेल्या व्याख्येत ती बेकारी सहज बसत नव्हती.

समाजशास्त्राला मानसशास्त्रापासून वेगळं होणं भाग होतं. एमिल दुर्खीम यांनी 1895 मध्ये 'सामाजिक तथ्य' ही कल्पना मांडली: व्यक्तीच्या बाहेर असलेली आणि तिच्यावर दबाव आणणारी वागण्याची, विचार करण्याची रीत. दोन वर्षांनी त्यांनी आत्महत्येचा अभ्यास केला. एका माणसानं असं का केलं, हा त्यांचा प्रश्न नव्हता. एखाद्या समाजातला दर वर्षानुवर्षं जवळपास स्थिर का राहतो आणि दुसऱ्या समाजात तो वेगळा का असतो, हा होता. म्हणजे एकक, ज्याच्याबद्दल निष्कर्ष काढायचा ती गोष्ट, बदललं: माणूस नव्हे, तर दर. पण असा दर सरकारी नोंदींतून येतो, आणि कोणता मृत्यू त्या सदरात टाकायचा हे नोंद करणारा ठरवतो. त्याचा निकष शास्त्रज्ञाच्या व्याख्येशी जुळेलच असं नाही. या अभ्यासावरची सर्वांत टोकदार टीका याच जागी झाली.

एकक हा शब्द मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण अभ्यास सर्वाधिक इथेच घसरतात. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. एस. रॉबिन्सन यांनी 1950 साली अमेरिकेच्या 1930 च्या जनगणनेतून हे दाखवून दिलं. परदेशात जन्म आणि निरक्षरता यांचा व्यक्तिपातळीवरचा सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी किती बरोबरीनं किंवा उलट बदलतात याचं माप, होता सुमारे अधिक 0.12, म्हणजे स्थलांतरितांत निरक्षरता किंचित जास्त होती. तीच आकडेवारी राज्यवार टक्केवारीत मांडली की सहसंबंध येत होता सुमारे उणे 0.53. चिन्हच उलटलं. कारण साधं होतं: स्थलांतरित लोक बहुधा अशा राज्यांत वसले होते जिथे मूळ रहिवासी अधिक साक्षर होते. राज्य हे एकक घेऊन माणसाबद्दल निष्कर्ष काढला असता, तर तो पूर्ण उलटा निघाला असता.

पुराव्याचा प्रकारही हद्द ठरवतो. भूशास्त्रात नवा कालखंड मान्य व्हायचा तर जगभर ओळखता येईल अशी त्याची सुरुवात स्तरांत नेमक्या जागी दाखवावी लागते. मानवयुगाचा, म्हणजे माणसाच्या प्रभावानं ओळखल्या जाणाऱ्या नव्या कालखंडाचा प्रस्ताव, विसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा, कॅनडातल्या क्रॉफर्ड सरोवराच्या गाळावर आधारलेला होता. 2024 च्या मार्चमध्ये तो फेटाळला गेला. माणसानं पृथ्वी बदलली, हे त्यातून कुणी नाकारलं नाही. अधिकृत कालगणनेत मात्र आपण अजून सुमारे 11,700 वर्षांपूर्वी सुरू झालेल्या होलोसीनमध्येच आहोत. इतिहासकार किंवा पर्यावरण-अभ्यासक 'मानवयुग' हा शब्द वापरायला मोकळे आहेत. त्यांचा पुरावा वेगळा असतो.

आपल्यापैकी जे संशोधनाचा आराखडा लिहीत असतील, त्यांनी पहिल्या वाक्यात वस्तूसोबत तिची कोणती बाजू पाहायची तेही लिहावं. 'पुराचा अभ्यास' एवढ्यानं काही ठरत नाही. जलशास्त्रात एकक पाणलोट क्षेत्र असतं आणि पुरावा म्हणजे दर सेकंदाला वाहणारे घनमीटर पाणी. समाजशास्त्रात एकक कुटुंब असू शकतं आणि पुरावा मुलाखत. एकक आणि पुरावा नावानिशी लिहून झाले की तीन उदाहरणं घ्यावीत: एक नक्की आत बसणारं, एक नक्की बाहेरचं आणि एक काठावरचं. पूर ओसरल्यावर सहा महिन्यांनी गाव सोडणारं कुटुंब पूरग्रस्त धरायचं का? उत्तर देता येत नसेल तर पहिलं वाक्य दुरुस्त करावं, उदाहरण टाळू नये. त्यानंतर काय वगळलं आणि का, हे एका वाक्यात लिहावं. हे वाक्य बहुतेक आराखड्यांत नसतंच. मग प्रश्नावली फुगत जाते आणि शेवटी निम्म्या उत्तरांचा उपयोग होत नाही. ही सगळी दुरुस्ती सामग्री गोळा करण्याआधी करावी. कुटुंबाकडून घेतलेल्या उत्तरांची बेरीज करून गावाचा आकडा काढता येतो, पण केवळ गावाच्या आकड्यातून कुटुंब परत मिळत नाही.

नमस्कार.