धूर कोणाच्या वावरातला?

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी, वाचनालयाच्या ओट्यावर, संक्रांतीच्या आठवड्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर.)

मंडळी, नमस्कार. आत्ता माझी ओळख ‘पर्यावरणतज्ज्ञ’ अशी करून दिली. तसं काही नाही. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, वणी तालुक्यात, कोळशाच्या रस्त्याला लागून असलेल्या एका शाळेत. प्रदूषणाचा धडा शिकवायच्या आधी पोरांना रोज बाकं पुसावी लागायची.

इथं येताना दिवस बुडत होता. फाट्यापासून तुमच्या गावापर्यंत पाच ठिकाणी कापूस वेचून वाळलेली पऱ्हाटी पेटलेली दिसली. धूर कडुलिंबाच्या शेंड्याएवढा चढला आणि तिथंच आडवा झाला, सतरंजी अंथरावी तसा. असं का होतं? हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर थंड होते. तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, वरची मात्र अजून उबदार असते. मग खालच्या हवेवर झाकण बसल्यासारखं होतं. तीच पऱ्हाटी मे महिन्याच्या दुपारी पेटवली असती तर धूर उंच जाऊन पांगला असता. पण मे महिन्यात वारा असतो, शेजारच्याचं वावर पेटायची भीती. म्हणून आपण जानेवारीतली पडल्या वाऱ्याची संध्याकाळ निवडतो. शेतकऱ्याच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, आणि तो धूर रात्रभर गावातच मुक्काम करतो.

पूर्वी पऱ्हाटी जळत नव्हती का? जळायचीच. माझी आई मोळ्या बांधून आणायची, घरामागं गंजी रचायची, वरून तुराट्या. पावसाळा निघून जायचा त्यावर. म्हणजे जळण हेच, पण मूठमूठ करून वर्षभर आणि घराच्या आत. तो धूर घरातल्या बायांनी गिळला. ओल्या पऱ्हाटीवर फुंकणी मारताना आईचे डोळे लाल व्हायचे आणि आम्ही म्हणायचो, ‘माय, भाकर कधी होईल?’ जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात जगभरात ३२ लाख माणसं अशा घरातल्या धुरापायी गेली. त्यात चिमुकली लेकरंही आहेत, निमोनियानं गेलेली.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगाव सिलिंडर पोचलं. चांगलं झालं. आता चहा-भाजी गॅसवर, आंघोळीचं पाणी चुलीवर, आणि भाकरी सिलिंडरच्या भावावर अवलंबून. पण उरलेल्या पऱ्हाटीचं काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. मोळ्या बांधायला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. एकरी साधारण टनभर पऱ्हाटी निघते. वर्षभर जळायचं जळण आता एका संध्याकाळी जळतं. घरातला धूर कमी झाला, गावावरचा वाढला.

आता या धुरात असतं काय? शाळेत आम्ही एक खटाटोप करायचो. पांढऱ्या जाड कागदाच्या पट्ट्या कापायच्या, त्यांना खोबरेल तेल चोपडायचं आणि ठिकठिकाणी टांगायच्या. एक रस्त्याच्या कडेला, एक शाळेच्या व्हरांड्यात, एक गावाबाहेर आंब्याखाली आणि एक कोणाच्या तरी घरी चुलीजवळ. आठ दिवसांनी भिंगाखाली बघायचं. रस्त्याकडेच्या पट्टीवर कोळशाचे चमकणारे कण दिसायचे, टोकदार, काचेच्या चुऱ्यासारखे. आंब्याखालच्या पट्टीवर मातीचे तांबूस ठिपके, एखादा परागकण. पण सगळ्यांत काळी निघाली चुलीजवळची. ज्या पोरीनं ती आपल्या घरून आणली होती ती ओरडली, ‘सर, आमचं तं सगळ्यात कायं निंघालं!’ वर्ग हसला. ती नाही हसली.

पण पोरांना मी एक गोष्ट बजावून सांगायचो. जे भिंगात दिसतं ते नाकाच्या केसांत, घशात अडकतं, खोकून बाहेरही पडतं. घातक ते, जे भिंगातही दिसत नाही. अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून ओळखा. हे कण फुफ्फुसाच्या तळाशी जातात, काही रक्तात उतरतात, आणि म्हणून दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघातही येतो. आपल्या देशाचं वर्षाच्या सरासरीचं मानक आहे घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून म्हणते ५. एवढा फरक का, यावर वेगळं व्याख्यान होईल. पण तुमच्या गावात ४० आहे की ४०० आहे, हे मोजायला यंत्रच नाही. २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, त्यात विदर्भातलं नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर आहे. सगळी शहरं. खेड्यातली हवा शुद्ध असते असं पाठ्यपुस्तकात छापलेलं असतं, मीही ते शिकवलं.

आता कोळसा. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूरला ८३.८८ मिळाले आणि देशात चौथा नंबर आला. ही परीक्षा अशी, की जास्त गुण म्हणजे जास्त वाईट. पण ती वीज जाते कुठं? मुंबई-पुण्याला जाते हे खरंच. आपल्या विहिरीवरही येते, रात्री दोन वाजता का होईना. एक युनिट विजेला सहा-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. पाच एचपीचा पंप तासभर चालला की अडीच किलोच्या आसपास कोळसा जळाला म्हणायचा. आपल्या कोळशात राखही फार, शंभर किलोत तीस-चाळीस किलो. ती बहुतेक चिमणीच्या आधीच यंत्रानं धरली जाते. गंधकाचा वायू मात्र सुटतो, हवेत त्याचे बारीक कण बनतात आणि शेकडो किलोमीटर वाऱ्यानं जातात. तो वायू धरायची यंत्रं बसवा, असा नियम २०१५ मध्ये झाला. मुदत वाढत वाढत गेली आणि २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक वीजसंचांना त्यातून सूटच मिळाली. यावर मी जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

पिकाचं ऐका. माझ्या मावसभावाचं वावर कोळशाच्या रस्त्याला लागून. पऱ्हाटीच्या पानावर बोट फिरवलं की काळी रेघ उठते. पान श्वास घेतं ते बारीक छिद्रांतून, अन्न करतं उन्हावर. धुळीनं दोन्ही अडतं. पण त्याला खरं दुखलं ते बाजारात. व्यापाऱ्यानं मूठभर कापूस उचलला, चोळला, काळं झालेलं बोट त्याच्यापुढं धरलं आणि भाव पाडला. एक शब्दही बोलला नाही.

दुसरं नुकसान दिसत नाही. वाहनांचा आणि कोळशाचा धूर उन्हात शिजतो आणि जमिनीलगत ओझोन तयार होतो. आकाशातला ओझोन आपलं रक्षण करतो, हा खालचा पान जाळतो. गहू, सोयाबीन, कापूस यांना तो सोसत नाही. पानावर ठिपके पडतात, आपण रोग समजून औषध फवारतो. फवारणीचं म्हणाल तर २०१७ मध्ये याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. ते विषही हवेतून, अंगावरून आलं होतं, आपल्या पाठीवरच्या पंपातून.

आणि पऱ्हाटी जाळल्यानं वावराचं काय होतं? राखेत पालाश राहतो, पण नत्र आणि गंधक बरंचसं उडून जातं, आणि तेच नत्र आपण जूनमध्ये युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. उन्हाळ्यात धुरे, म्हणजे वावराचे बांध, पेटवतो तेव्हा धुऱ्यावरचा पळस, हिवर बुडाशी करपतो, तितराची अंडी जातात. धुरा आणि धूर यांत अंतर फक्त एका कान्याचं राहिलं आहे.

पण एक अडचण खरी आहे, ती लपवून चालणार नाही. गुलाबी बोंडअळी उरलेल्या बोंडांत झोपून राहते. म्हणून कृषी खातं सांगतं, फरदड, म्हणजे वेचणीनंतर त्याच झाडांवर पुन्हा पीक, घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर काढून नष्ट करा. आणि नष्ट करणं म्हणजे काडी लावणं, एवढंच आपल्याला ठाऊक. श्रेडर म्हणजे बारीक तुकडे करायचं यंत्र, त्यानं कुटी करून वावरात मिसळता येते. कुटी करून शेण-पाणी घालून नीट खड्डा भरला तर आतल्या उष्णतेनं अळी मरते आणि खत होतं. मात्र पऱ्हाटी हे लाकूडच, सोयाबीनच्या कुटारासारखी पटकन कुजत नाही, धीर धरावा लागतो. श्रेडर एकट्याला परवडत नाही. दहा-बारा जणांनी मिळून भाड्यानं आणला तर जमतं, असं माझं मत आहे. पण भाव पडलेल्या वर्षी तेवढंही जड जातं, हे मला कळतं.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, ‘गुरुजी, कोळशाचे ट्रक दिवसभर जातेत, त्याईले कोणी बोलत नाही, अन् आमच्या पऱ्हाटीचाच हिशेब काऊन?’ ताई, रागावणं बरोबर आहे. ट्रकवर ताडपत्री घट्ट बांधली पाहिजे, रस्त्यावर पाणी मारलं पाहिजे, आणि हे मागायला ग्रामसभेचा ठराव लागतो. पण ठरावात लिहायचं काय? ‘धूळ फार आहे’ असं लिहिलं तर साहेब म्हणतात, कशावरून.

म्हणून मी पिशवीतून चार पट्ट्या आणल्या आहेत. एक फाट्यावर टांगू, एक शाळेत, एक पेटवलेल्या वावराच्या धुऱ्यावर. चौथी, ताई, तुमच्या चुलीजवळ. आठ दिवसांनी याच ओट्यावर घेऊन या. भिंग मी आणतो.