सूर्यापुढचा काजवा

(दृश्य: गव्हाचं शेत. ढगाची सावली पिकावरून सरकते आहे.)

अमेरिकेतलं ओक्लाहोमा राज्य. गव्हाच्या शेतावरून ढगाची सावली सरकत गेली. गहू तोच, माती तीच. पण पानांवरून परतणारा प्रकाश मोजायला बसलेल्या यंत्राचा आकडा मात्र हलला.

१९९०च्या दशकात ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटीतले संशोधक एका खटपटीत होते: पिकाला नत्र किती हवं, ते पिकाच्या रंगावरूनच ओळखायचं. तत्त्व सोपं आहे. धडधाकट हिरवं पान तांबडा प्रकाश गिळतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बराचसा परत फेकतं. उपाशी पानाला तांबडाही नीट गिळवत नाही. परतलेल्या अवरक्तातून तांबडा वजा करायचा, त्या वजाबाकीला दोघांच्या बेरजेनं भागायचं, की मिळाला एनडीव्हीआय, म्हणजे पिकाच्या हिरवेपणाचा आकडा. दाट, हिरव्या गव्हाचा आकडा ०.८च्या आसपास जातो.

सुरुवातीची यंत्रं उन्हावरच चालायची. आणि ऊन काही एकसारखं नसतं. सकाळचं वेगळं, दुपारचं वेगळं, ढगाआडचं तिसरंच. म्हणून पुढे यंत्रातच एलईडी बसवले. एक तांबडा, साधारण ६६० नॅनोमीटरचा. दुसरा अवरक्त, साधारण ७७० नॅनोमीटरचा.

आता कुणी म्हणेल, भर दुपारी एलईडीची काय मजाल? सूर्यापुढे काजवा! खरंय. पण हा काजवा सेकंदाला ४०,००० वेळा लुकलुकतो, आणि ऊन तसं लुकलुकत नाही. त्या ठेक्यावर येणारा प्रकाश तेवढा यंत्र उचलतं, बाकीचा सोडून देतं. प्रखर दिवा लावून सूर्याशी झुंजण्यापेक्षा हा डाव मला जास्त हुशारीचा वाटतो.

(दृश्य: रात्र. शेतात हातातलं यंत्र धरून चालणारा माणूस.)

त्यामुळे मोजणी रात्रीही चालते. फक्त पानांवर दव नको, पाण्यानं आकडा बिघडतो. शिवाय यंत्राच्या स्वतःच्या दिव्याचा उजेड लांब पोचत नाही. हातात धरायचं यंत्र पिकाच्या शेंड्यापासून साधारण ६० ते १२० सेंटिमीटर वर धरावं लागतं. उपग्रहाला अशी रात्रीची मोजणी जमणारी नाही. त्याला सूर्यच हवा.

शेतकरी शेतात एक पट्टा राखतो आणि त्याला भरपूर नत्र देतो. मग यंत्र घेऊन आधी त्या पट्ट्यावरून चालतो, नंतर बाकीच्या शेतातून. दोन्हीकडे आकडा सारखाच आला, तर खत टाकायचं यंत्र त्या दिवशी शेडमधून बाहेर निघत नाही.