बर्नहून आंबेठाण, आंबेठाणहून राज्यसभा

नमस्कार मंडळी.

स्वित्झर्लंडमधल्या मराठी माणसांसमोर शेतकरी नेते शरद जोशींविषयी बोलायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी. टपाल खात्यातला हा अधिकारी 1968 ते 1977 बर्नला जागतिक टपाल संघटनेत होता. पगार, घर, मुलींचं शिक्षण, सगळं मार्गी लागलेलं. ते सोडून ते पत्नी लीलाताई आणि दोन मुलींसह परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. तिला नाव दिलं अंगारमळा.

तिथे ते स्वतः शेती करायला लागले, हे महत्त्वाचं. शेतकरी आळशी, अडाणी, कर्जबुडवा असतो, हे शहरात सर्रास ऐकू येणारं मत त्यांना हिशेब मांडून तपासायचं होतं. चाकणच्या बाजारात कांदा नेला की हातात पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, पडते. वर मालाचं वजन आणि भाव. खाली अडत, हमाली, तोलाई, मोटारभाडं. सगळं वजा करून उरेल ते घरी न्यायचं. भाव पडला की काहीच उरत नाही, उलट पदरचे पैसे द्यावे लागतात. शेतकरी त्याला ‘उलटी पट्टी’ म्हणतात. भाव जरा चढला की सरकार निर्यातबंदी करतं, म्हणजे चांगल्या वर्षाचा फायदाही जातो. शेती तोट्यात राहते ती धोरणामुळे, हा त्यांचा निष्कर्ष त्या पट्टीतून आलेला आहे. म्हणून ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा एवढी भिडली. 1979 मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली आणि नोव्हेंबर 1980 मध्ये नाशिक जिल्ह्यात कांदा-उसासाठी शेतकरी रस्त्यावर आणि रुळांवर बसले.

पुढचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. नोव्हेंबर 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. लाखोंनी बायका आल्या, कित्येकींनी गावाची वेस पहिल्यांदाच ओलांडली असेल. त्यानंतर लक्ष्मीमुक्ती. शेतातली निम्म्याहून जास्त कामं करणाऱ्या बाईच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते, हे जोशी सभेत शेतकऱ्यांना तोंडावर सांगत. गावातल्या शंभर जणांनी बायकोच्या नावावर जमीन केली की त्या गावात सभेला येईन, अशी त्यांची अट असे. आणि माणसं तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावून घेत! कायद्याची सक्ती नाही, अनुदानाचं आमिष नाही.

निवडणुकीच्या राजकारणात मात्र त्यांना यश आलं नाही. 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, लोकसभेला पराभव झाला. सभेला येणारा शेतकरी मत देताना जात आणि जुना पक्ष पाहतो, हे त्यांना सोसावं लागलं. अखेर 2004 मध्ये भाजप-शिवसेनेच्या पाठिंब्याने ते राज्यसभेत गेले. त्या सहा वर्षांबद्दल आपल्याकडे फारच कमी बोललं जातं. राजकीय पक्षाला नोंदणीसाठी समाजवादाशी निष्ठा सांगावी लागते. ही अट काढून टाकणारं खासगी विधेयक त्यांनी मांडलं. खुल्या बाजाराचा समर्थक खोटी शपथ का घेईल, हा त्यांचा साधा प्रश्न होता.

आणि मग 9 मार्च 2010. राज्यसभेत लोकसभा-विधानसभांतल्या महिला आरक्षणाचं विधेयक. बाजूने 186, विरोधात एक. ते एक मत शरद जोशींचं. भाजपसुद्धा बाजूने होता. तेव्हा त्यांना स्त्रीविरोधी म्हणणारे बरेच निघाले, त्याचा मला आजही राग येतो. चांदवड ज्याने भरवलं, त्याला? त्यांचा आक्षेप फिरत्या मतदारसंघांवर होता. राखीव जागा दर निवडणुकीत बदलणार असेल, तर निवडून आलेली बाई आपला मतदारसंघ बांधेल कशासाठी, आणि पुढच्या खेपेला उभी राहील कुठून? स्त्रियांना सत्ता मिळावी, पण ती टिकावी, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

डिसेंबर 2015 मध्ये ते गेले. 2023 मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती झाली, तेव्हा राखीव जागा दर निवडणुकीला न फिरवता मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरवायच्या, अशी तरतूद आली. जोशींचं नाव त्या चर्चेत घेतलं गेलं असेल-नसेल. पण ज्या कलमावर ते एकटे अडून बसले होते, ते कलम बदललं आहे.