विनएससीपी: ‘स्वीकारा’ दाबण्याआधी ती ओळ वाचा

[कॅमेऱ्यासमोर]

नमस्कार मंडळी. विनएससीपी म्हणजे विंडोजवरून सर्व्हरवर फाइल पाठवायचं सॉफ्टवेअर. नव्या सर्व्हरला पहिल्यांदा जोडताना ते एक खिडकी उघडतं आणि विचारतं, हा सर्व्हर माझ्या ओळखीचा नाही, तरी पुढे जायचं का? खाली अक्षरं आणि आकडे मिसळलेली एक लांबलचक ओळ असते. ती कुणी वाचत नाही. फाइल पाठवायची घाई असते, बटण दाबलं की काम सुरू. आजचा व्हिडिओ मुख्यतः या खिडकीबद्दल आहे. बाकीची सेटिंग्ज वाटेत येतीलच.

[स्क्रीनवर: लॉगिनची खिडकी]

सगळ्यात वर ‘फाइल प्रोटोकॉल’, म्हणजे फाइल कोणत्या पद्धतीने पाठवायची ते. तिथे एसएफटीपी आधीपासूनच असतं, ते तसंच राहू द्या. पोर्ट २२. साधं एफटीपी निवडू नका, होस्टिंगवाला कितीही म्हणाला ‘आमच्याकडे सगळे तेच वापरतात’ तरी. एफटीपीचा पहिला मसुदा १९७१चा. तो लिहिला अभय भूषण यांनी, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, तेव्हा एमआयटीत होते. त्या काळी नेटवर्कवर मोजकीच यंत्रं आणि एकमेकांना ओळखणारी माणसं. पासवर्ड उघडा जायचा, साध्या एफटीपीत तो आजही उघडाच जातो. १९९५मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असेच पासवर्ड टिपले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं, म्हणजे सगळं बोलणं एन्क्रिप्ट करणारी जोडणी. एसएफटीपी चालतं ते या एसएसएचवर. नाव सारखं असलं तरी जुन्या एफटीपीशी त्याचं नातं नाही.

एफटीपीएस मात्र वेगळं. ते जुनं एफटीपीच, वरून टीएलएसचं, म्हणजे वेबसाइटच्या https मधल्याच एन्क्रिप्शनचं, कवच. तेही चालेल, पण तिथे त्या लांबलचक ओळीऐवजी सर्टिफिकेट तपासावं लागतं. तो विषय आज घेत नाही.

[कॅमेऱ्यासमोर]

आता मुद्द्याचं. एन्क्रिप्शन म्हणजे तुम्ही आणि समोरचा यांच्यातलं बोलणं तिसऱ्याला कळत नाही. पण समोरचा कोण आहे, हे कुणी ठरवलं? मध्येच कुणी बसला आणि ‘मीच तुमचा सर्व्हर’ म्हणाला, तर एन्क्रिप्शन अगदी व्यवस्थित होईल, फक्त ते चोराशी होईल. प्रत्येक सर्व्हरकडे ओळख पटवणारी एक डिजिटल किल्ली असते. ती लांबलचक ओळ म्हणजे त्या किल्लीचा फिंगरप्रिंट, तिची छोटी खूण. सर्व्हर खरा आहे का, हे सांगणारी त्या खिडकीतली तेवढी एकच गोष्ट.

तर करायचं काय? सर्व्हर सांभाळणाऱ्याला फोन लावा आणि फिंगरप्रिंट मागा. ज्या ईमेलमधून सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड आला, त्याच ईमेलमध्ये आलेला फिंगरप्रिंट धरू नका. ईमेलच खोटा असेल तर फिंगरप्रिंटही त्याचाच असणार.

[स्क्रीनवर: सर्व्हरवरची कमांड]

सर्व्हरवाल्याने ही कमांड चालवायची. उत्तरात ‘एसएचए२५६’पासून सुरू होणारा भाग असतो. तो पूर्ण जुळवा, पहिली चार अक्षरं बघून सोडून देऊ नका. एक गोम इथे आहे. एकाच सर्व्हरकडे आरएसए, ईसीडीएसए, ईडी२५५१९ अशा वेगवेगळ्या किल्ल्या असू शकतात आणि प्रत्येकीचा फिंगरप्रिंट निराळा. तेव्हा जुळलं नाही तर आधी विचारा, दोघं एकाच प्रकारच्या किल्लीबद्दल बोलतोय ना?

ओळख पटली की विनएससीपी ती किल्ली लक्षात ठेवतं. पुढे कधी ती बदलली तर मोठा इशारा येतो. २४ मार्च २०२३ला गिटहब या प्रोग्रामचा कोड ठेवायच्या साइटच्या बाबतीत असंच झालं. त्यांची आरएसए होस्ट की, म्हणजे सर्व्हरची किल्ली, थोडा वेळ कोडच्या एका सार्वजनिक साठ्यात (रिपॉझिटरीत) उघडी पडली होती, म्हणून त्यांनी ती बदलली. ती किल्ली वापरणाऱ्यांच्या पडद्यावर इशारा आला. गिटहबने नवा फिंगरप्रिंट आपल्या साइटवर दिला होता, तो जुळवायचा आणि मगच पुढे जायचं. इशारा आला म्हणजे चोरी झालीच असं नाही. पण कारण कळेपर्यंत पासवर्ड टाकायचा नाही.

[स्क्रीनवर: पुटीजेन]

लॉगिनसाठी पासवर्डपेक्षा तुमची स्वतःची किल्लीची जोडी बरी: पब्लिक की सर्व्हरवर ठेवायची, प्रायव्हेट की स्वतःकडे. खोट्या सर्व्हरला पासवर्ड दिलात की तो गेला. किल्लीने लॉगिन केलंत तर प्रायव्हेट की तुमच्या कॉम्प्युटरबाहेर जातच नाही, त्यामुळे चोर तुमच्या नावाने खऱ्या सर्व्हरवर शिरू शकत नाही. पण तुम्ही चढवलेल्या फाइल्स त्याच्या हाती लागतातच. म्हणून किल्ली असली तरी फिंगरप्रिंट तपासणं सुटत नाही.

पुटीजेन हा किल्ल्या बनवायचा प्रोग्राम. त्यात ईडी२५५१९ निवडा, ‘जनरेट’ दाबा, माउस हलवत राहा. पासफ्रेझ, म्हणजे किल्लीचा पासवर्ड, द्या, रिकामा ठेवू नका. मग वरच्या चौकटीतला मजकूर, म्हणजे पब्लिक की, कॉपी करून सर्व्हरवाल्याला पाठवा. ‘सेव्ह पब्लिक की’ने बनलेली फाइल पाठवू नका, तिचा साचा वेगळा असतो. लिनक्स सर्व्हरवर ती तशीच टाकली तर लॉगिन होत नाही, आणि मग दोन्हीकडे डोकेफोड.

जुनी किल्ली वापरत असाल तर तिचा प्रकार बघा. ‘ईसीडीएसए पी-५२१’ असेल आणि ती तुम्ही पुटी या एसएसएच प्रोग्रामच्या ०.६८ ते ०.८० या आवृत्त्यांत वापरली असेल, तर ती रद्द करा. लॉगिन करताना किल्लीने एक डिजिटल सही होते, आणि या आवृत्त्यांच्या सह्यांमध्ये दोष होता. साधारण ६० सह्या हाती लागल्या तर प्रायव्हेट की काढता येत होती. जर्मनीतल्या बोखुमच्या रूर विद्यापीठातल्या संशोधकांनी हे शोधलं, आणि एप्रिल २०२४मध्ये ०.८१ आलं. विनएससीपी आणि फाइल पाठवायचं दुसरं सॉफ्टवेअर फाइलझिला हेही पुटीचाच कोड वापरतात, त्यामुळे त्यांनाही नव्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. नुसता अपडेट पुरत नाही, किल्लीच बदलायची.

सायफरची, म्हणजे एन्क्रिप्शनच्या पद्धतींची, यादी? तिला हात लावू नका. एईएस ही चांगली पद्धत वरच असते.

[स्क्रीनवर: प्रेफरन्सेस, सिक्युरिटी]

पासवर्ड सेव्ह करणार असाल तर इथे मास्टर पासवर्ड लावा. तो नसेल तर सेव्ह केलेले पासवर्ड नुसते वेडेवाकडे करून ठेवलेले असतात, जाणत्याला ते परत मिळवता येतात.

आणि हे सगळं फक्त वाटेतलं संरक्षण. सर्व्हरवर पोचली की फाइल तिथल्या ॲडमिनला वाचता येते. ते नको असेल तर विनएससीपीत साइटच्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘एन्क्रिप्ट फाइल्स’ आहे. फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर एईएस-२५६ने बंद होऊन जाते, तिचं नावसुद्धा. मात्र ती बंद करायची किल्ली हरवली तर फाइल कायमची गेली, सर्व्हरवालाही काही करू शकत नाही. ती कागदावर लिहून कपाटात ठेवा, मी चेष्टा करत नाहीये.

ऑफिसात चार जण असतील तर प्रत्येकाची किल्ली वेगळी करा आणि पुटीजेनमधल्या ‘की कमेंट’ या रकान्यात त्याचं नाव लिहा. कुणी नोकरी सोडली की सर्व्हरवाल्याला सांगून त्या नावाची ओळ पुसायची, बाकीच्यांचं काम चालू राहतं.