आधी कागद मागा

मंडळी, मी वकील नाही. तालुक्याच्या दिवाणी कोर्टात नाझर होतो. जप्तीची वॉरंटं घेऊन बेलिफ निघायचे ते माझ्या टेबलावरून, एवढाच माझा अधिकार.

जून-जुलैत मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या, आणि किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हक्काचा पैसा एकच, म्हाताऱ्याची पेन्शन. नेमकं तेव्हाच काउंटरवरचा मुलगा सांगतो, ‘आजोबा, खात्याला होल्ड लागलाय, पैसे काढता येणार नाहीत.’ कर्ज बहुतेक वेळा आजोबांचं नसतंच. पुतण्याच्या होडीच्या इंजिनाला जामीन राहिलेले असतात. आपल्याकडे भीड फार. नाही म्हणवत नाही, म्हणून सही करतो.

अशा वेळी आधी कागद मागायचा. होल्ड कुणाच्या हुकमाने? कोर्टाचा असेल तर त्यावर दरखास्त नंबर, म्हणजे निकालाच्या वसुलीसाठी केलेल्या अर्जाचा नंबर, असतो. पतसंस्थेचा असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या १०१ कलमाखालचा वसुली दाखला असायला हवा. आणि बँकेने आपल्याच कर्जापोटी रक्कम परस्पर वळती केली असेल, तर ती कोर्टाची जप्ती नव्हे. तिथे बँकेकडे लेखी तक्रार द्या, ३० दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.

कोर्टाच्या जप्तीला मात्र कायद्यानेच कुंपण घातलंय. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, कलम ६०. सरकारी पेन्शन, ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, मजुराची मजुरी, यांना हात लावता येत नाही. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, बाईचं मंगळसूत्र, कारागिराची अवजारं हीसुद्धा सुटतात. (मासेमाराची जाळी अवजारांत धरायची का, यावर बाररूममध्ये चहा गार होईपर्यंत वाद चाललेला मी ऐकलाय.)

पगाराचा हिशेब वेगळा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. पगार २५,००० असेल तर १७,००० वाचतात, ८,००० जप्त होऊ शकतात. एकाच हुकूमनाम्यात (म्हणजे कोर्टाच्या निकालाच्या आदेशात) अशी कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार कायमचा सुटला. पोटगीचा हुकूमनामा असेल तर मात्र एकतृतीयांशच वाचतो, आणि ते योग्यच आहे.

कर्ज देताना ‘कलम ६० चा फायदा घेणार नाही’ असं कुणी लिहून घेतलं असेल, तर घाबरू नका. तो करार रद्दबातल, हे त्याच कलमात लिहिलंय.

‘पेन्शन खात्यात पडली की ती साधी रोकड झाली,’ असं बँकवाले ऐकवतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की निवृत्तीचा पैसा मुदत ठेवीत गुंतवला तरी त्याची जात बदलत नाही. पण हे कोर्टापुढे तुम्हालाच दाखवावं लागतं. होल्ड आपोआप उठत नाही. हरकतीचा अर्ज, पेन्शनचा आदेश आणि पासबुकाच्या नोंदी घेऊन जायचं. म्हणून पेन्शनचं खातं निराळं ठेवा, दुसरा पैसा त्यात घालू नका.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. एकाच खात्यात पेन्शन, कलमांच्या आंब्याचे पैसे आणि मुलाने मुंबईहून पाठवलेले. त्यांचे वकील दोन तारखा पासबुकावर पेन्सिलीने खुणा करत बसले. आंब्याचे पैसे गेले, पेन्शन सुटली. मुलाच्या पैशांवरून तिसरी तारीख पडली.