विठोबा झोपतो कधी?

(आषाढी मेळाव्यातील भाषण, संपादित)

मंडळी, राम कृष्ण हरी!

मघाशी खिचडीच्या रांगेत आपल्यातल्याच एका चिमुरडीनं विचारलं, "विठोबा सारखा उभाच, मग झोपतो कधी?" मोठी माणसं हसली आणि शेंगदाण्याच्या आमटीकडे वळली. उत्तर कुणीच दिलं नाही.

झोपतो की! पंढरपुरात रोज रात्री शेजारती होते. देवाचे पाय धुतात, पोशाख बदलतात, शेजघरापर्यंत पायघडी घालतात. तिथे पलंग तयार असतो. पहाटे काकड्याला पुन्हा उठवतात. पण आषाढी जवळ आली की चांगला दिवस बघून तो पलंगच काढतात! मग शेजारती नाही, काकडाही नाही. नित्यपूजा आणि नैवेद्य तेवढे चालू. चोवीस तास दर्शन. उभ्या देवाला टेकायला पाठीशी लोड, रुक्मिणीमातेला तक्क्या. वारी सरली की प्रक्षाळपूजा. पायांना लिंबू-साखर चोळायची, गरम पाण्यानं न्हाऊ घालायचं, रात्री शिणवटा जायला काढा द्यायचा. मग पलंग परत. (घरच्या मुलामा दिलेल्या मूर्तीला लिंबू-साखर लावू नका, मुलामा उतरतो.)

म्हणजे पोरीला पडलेली काळजी पंढरपूरला कधीचीच आहे.

आणि आपण? आपली एकादशी जवळच्या शनिवारी येते, काकडा सकाळी अकराला होतो, हॉल पाचपर्यंतच मिळतो. सहाच्या आत मूर्ती बबलरॅपमध्ये, ती थेट पुढच्या आषाढीला बाहेर. आपला विठोबा झोपतो, बाळ. उठवत कुणी नाही.

पंढरपुरात पूजेची कामं सेवेकरी घराण्यांत पिढीजात वाटलेली असत. पुजारी पूजा करी, बेणारी मंत्र म्हणे, परिचारक पाणी आणी, हरिदास पदं म्हणे, डिंगरे आरसा दाखवी, दिवटे मशाल धरी, डांगे चांदीची काठी घेऊन उभा राही. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वंशपरंपरेचे हक्क गेले. आता मंदिर समिती बघते. पण देवाचं काही राहून गेलं नाही. आपल्या समितीत एक जण आरती करतो, बाकीचे व्हिडिओ काढतात. कुणी कुणाला बोलायचं, व्हिडिओवाल्यांत मीही असतो.

आता साडेचार झालेत. आज मूर्ती खोक्यात घालायची नसेल तर कुणाच्या तरी घरी न्यावी लागेल. रोज सकाळी उठवायचं, रात्री निजवायचं, एवढंच काम आहे. दोनदा विचारून झालं. हात एकच वर आहे, तोही त्या चिमुरडीचा, आणि तिची आई तो खाली ओढते आहे.